एमबीबीएस ते शस्त्रक्रिया : टप्पे आणि तयारी

• साडेचार वर्षांच्या एमबीबीएसनंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयाच्या विभागांतून फिरत केलेली उमेदवारी, सक्तीची असते. उदाहरणार्थ, मुंबईत जुहूच्या कूपर आणि शीवच्या लोकमान्य टिळक या रुग्णालयांना महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली आहेत.

• पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजी या परीक्षेतील गुणानुक्रमे होतो. 200 प्रश्नांना 800 गुण असून बरोबर उत्तरास 4 मिळतात, तर चुकल्यास 1 वजा होतो. एमबीबीएसचे गुण, शोधनिबंध वा शिफारसपत्रे या क्रमात धरली जात नाहीत. अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या निवडीत मात्र ती पाहिली जातात.

• जनरल सर्जरीतील एमएस 3 वर्षांचे असते आणि त्यापुढे मूत्रमार्ग, प्लास्टिक आदी शाखांसाठी नीट-एसएस देऊन एमसीएच करावे लागते.

• शरीररचनाशास्त्र पहिल्याच वर्षी शिकवले जाते आणि नीट-पीजीतही विचारले जाते, त्यामुळे शस्त्रक्रियेचा पाया तेथूनच पडतो. टाक्याच्या गाठीचा सराव साध्या दोऱ्यावरही होतो : दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने दिल्यास गाठ चौरस व पक्की बसते, त्याच दिशेने दिल्यास ती घसरू शकते.