कच्च्या कोकोचा तुरटपणा

माणच्या शिवारात हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आला. तिथल्या तरुण घरांत आता किराण्याबरोबर ‘रॉ ककाओ’चं पाकीटही येतं. एक चमचा सकाळच्या स्मूदीत जातो, एक रविवारी दह्यात कालवून चेहऱ्याला लागतो. रक्तदाब, हृदय, सुरकुत्या अशा सगळ्यांवरचा उपाय म्हणून ते विकलं जातं.

चॉकलेट या पट्ट्याला नवं नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीला कॅडबरीचा कारखाना कित्येक दशकं उभा आहे, बारामतीला फेरेरो आहे. झाड मात्र इथलं नव्हे. कोकोला दमट हवा आणि सावली लागते, मावळ-मुळशीची थंडी त्याला मानवत नाही. देशातला कोको येतो तो मुख्यतः आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या बागांमधून, नारळ-सुपारीच्या सावलीतून. आपल्याला तो भेटतो थेट पाकिटात. बागेपासून पाकिटापर्यंत त्याचं काय काय होतं हे पाहिल्याशिवाय त्याच्या गुणांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कोकोचं फळ फोडलं की पांढऱ्या आंबटगोड गरात लगडलेल्या तीस-चाळीस बिया दिसतात. ताजी बी आडवी कापली तर आतून बहुधा गर्द जांभळी निघते. चावली तर कच्च्या सुपारीसारखी जीभ आखडते. हा तुरटपणा येतो मुख्यतः फ्लॅव्हनॉल्समुळे, आणि कोकोच्या औषधी गुणांची जी काही कीर्ती आहे ती बहुतांशी त्यांचीच. पुढे या बिया ढिगात किंवा लाकडी खोक्यात पाच-सहा दिवस आंबवतात. आतलं तापमान 45 ते 50 अंशांवर जातं, जांभळा रंग तपकिरी होतो, चॉकलेटच्या वासाची बीजं पडतात आणि तुरटपणा उतरतो. त्यानंतर वाळवण, मग भाजणी. ‘कच्चा’ कोको यातली भाजणी तेवढी टाळतो, आंबवणं बहुधा झालेलंच असतं. साल्मोनेलासारखे जंतू मरतात ते मात्र भाजणीतच. म्हणून न भाजलेला कोको घेताना तो कुणी, किती स्वच्छतेने तयार केला आहे याला फार महत्त्व आहे.

फ्लॅव्हनॉल्सचं सर्वांत मोठं नुकसान भाजणीत होतही नाही. ते होतं क्षारप्रक्रियेत. नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या या पद्धतीत कोकोला क्षार लावून त्याचा रंग गडद आणि चव सौम्य करतात. 2008 साली अमेरिकेत बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या गेल्या. नैसर्गिक पावडरीत ग्रॅममागे सरासरी 34.6 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स निघाले आणि जास्त क्षार लावलेलीत अवघे 3.9. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2012 मध्ये रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवण्यासाठी दिवसाला 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्सचा दावा मान्य केला. म्हणजे नैसर्गिक पावडर असेल तर सुमारे 6 ग्रॅम पुरते आणि काळीभोर पावडर असेल तर 50 ग्रॅम लागते! म्हणून ‘रॉ’ या शब्दापेक्षा पाकिटामागची घटकांची यादी वाचावी असं मला कळकळीने वाटतं. तिथे आम्लता नियंत्रक म्हणून आयएनएस 500 किंवा 501 लिहिलेलं असेल तर क्षार लावलेला आहे असं समजावं. साधी, भाजलेली पण क्षार न लावलेली फिकट तपकिरी पावडर बहुतेकांना पुरेशी आहे, आणि ती बरीच स्वस्तही पडते.

हृदयाचा पुरावा आश्वासक आहे, पण पक्का नाही. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत 21,442 ज्येष्ठांचा सहभाग होता. कोको अर्क घेणाऱ्यांना दिवसाला 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स कॅप्सूलमधून दिले गेले. 2022 मध्ये निकाल आले. हृदयविकाराच्या एकूण घटना 10 टक्के कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो. हृदयविकाराने होणारे मृत्यू 27 टक्के कमी होते, मात्र चाचणीचा मुख्य निकष तो नव्हता. शिवाय हे सगळं अर्काबद्दल आहे, साखर घातलेल्या चॉकलेटबद्दल नाही.

त्वचेबाबतही असंच. 2006 साली जर्मनीत 24 स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज 326 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्सचा कोको घेतला, निम्म्यांनी 27 मिलिग्रॅमचा. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात अतिनील किरणांनी येणारी लाली 25 टक्क्यांनी घटली. क्वेबेकमधल्या पुढच्या एका चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. लक्षात घ्यायचं ते हे, की दोन्हीकडे कोको पोटात घेतला होता, चेहऱ्याला लावला नव्हता. दह्यातल्या लेपाने गारवा मिळेल, पण या आकड्यांचा आधार त्याला नाही.

लावण्यासाठी खरं उपयोगी आहे ते कोकोचं लोणी. त्यात फ्लॅव्हनॉल्स जवळपास नसतात. ते निव्वळ स्निग्ध असतं, अंगाच्या उबेने वितळतं आणि कोरड्या त्वचेतलं पाणी धरून ठेवतं. गरोदरपणाचे व्रण त्याने टळतात हा लाडका दावा लेबनन आणि जमैकातल्या चाचण्यांत टिकला नाही. तेलकट चेहऱ्यावर त्याने पुटकुळ्या येऊ शकतात.

आणि एवढ्याचसाठी लांब कशाला जायचं? ताम्हिणी घाट उतरलं की कोकण लागतं. तिथे कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी काढून हाताने तिचे गोळे वळतात. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना पिढ्यानपिढ्या हेच कोकमतेल लागत आलं आहे. ते वितळतं 40 अंशांच्या आसपास, म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यातही बहुधा घट्ट राहतं. त्याची घडण कोकोच्या लोण्याच्या इतकी जवळ आहे, की युरोपीय संघाच्या 2000 सालच्या चॉकलेटविषयक नियमाने 5 टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पती स्निग्धांत कोकमाला जागा दिली. माणच्या घरात चेहऱ्यासाठी पाकीट येणार असेल, तर त्याआधी कोकमाचा गोळा यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पिण्याच्या कोकोबाबत एक खबरदारी आपल्याकडे जास्त गरजेची आहे. कोकोतली हीच तुरट द्रव्यं भाजी-डाळीतलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांनी कोको जेवणाबरोबर घेऊ नये, लोहाच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी रोजच्या कोकोबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.