आमाशय-शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण आणि हातातील मोबाईल

आमाशयाच्या कर्करोगावर शस्त्रकर्म झाले, टाके निघाले, रुग्ण घरी परतला, की नातेवाइकांना संकट टळल्यासारखे वाटते. वस्तुतः रुग्णाची दैनंदिन परीक्षा येथूनच सुरू होते. शस्त्रकर्म पुणे, नाशिक वा मुंबईस होते. रुग्ण मात्र अकोले, पारनेर, जामखेड तालुक्यांतील आपल्या गावी राहतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) प्रत्येक तक्रारीसाठी शल्यचिकित्सकाकडे जाणे त्याला शक्य नसते. तो प्रथम येतो आपल्याकडे, अथवा औषधी दुकानात.

आमची चूक

अकोले तालुक्यातील एक शेतकरी आंशिक आमाशय-छेदनानंतर दीड महिन्याने आमच्याकडे आले. घाम सुटणे, हातपाय कापणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही लक्षणे होती. आम्ही दौर्बल्य समजून सकाळी दुधासह अवलेह दिला. त्रास वाढला. पुढे त्यांच्या मुलीस आम्ही सांगितले, की वडील खावयास बसले की ताटाचे छायाचित्र व त्रास सुरू होताच एक निरोप मोबाईलवर पाठवावा. तीन दिवसांतच उलगडा झाला. अवलेह घेतल्यापासून साधारण दोन तासांनी प्रत्येक वेळी लक्षणे उद्भवत होती.

कार्यकारणभाव

निरोगी आमाशय अन्न धरून ठेवते व थोडे थोडे पुढे सोडते. ते स्थान गेल्यावर अन्न झपाट्याने लहान आतड्यात उतरते. आधुनिक शास्त्र यास ‘डंपिंग सिंड्रोम’ म्हणते. भोजनानंतर सुमारे अर्ध्या तासाच्या आत पोट गच्च होणे, कळा, अतिसार, छातीत धडधड झाल्यास तो पूर्वकालीन प्रकार होय. एक ते तीन तासांनी घाम, कंप, भूक, भोवळ जाणवल्यास तो उत्तरकालीन प्रकार. यात गोड पदार्थाने रक्तशर्करा एकदम वाढते, त्यामुळे इन्सुलिन जास्त स्रवते आणि मग शर्करा अवाजवी खाली येते. लक्षणे पुष्कळशी सारखी, निदान ठरते ते काळावरून. हा काळ रुग्णाच्या स्मरणात राहत नाही. मोबाईलच्या निरोपावर मात्र वेळ आपोआप उमटते.

पथ्याचा पुनर्विचार

संसर्जनक्रमातील लघु आहाराचे तत्त्व येथेही ग्राह्य आहे. परंतु काही नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. पातळ पेयेपेक्षा घट्ट विलेपी बरी. भोजनमध्यातील जलपान टाळून पाणी अर्धा तास आगेमागे घ्यावे. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे. प्रत्येक वेळी मूग, अंडे, पनीर असे काही प्रथिनयुक्त असावे. गूळ, साखर, शिरा वर्ज्य करावा. पूर्वकालीन त्रास असणाऱ्याने शतपावलीऐवजी पाठीस उशी लावून थोडा वेळ टेकावे. आमच्या रुग्णाचा अवलेह बंद करून, त्यांच्या शल्यचिकित्सकांशी बोलून हा क्रम ठेवला. दोन आठवड्यांत कंप थांबला आणि ते पुन्हा मळ्यात जाऊ लागले.

नोंदीचे मोल

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील ७६६ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या ज्या रुग्णांनी आपली लक्षणे संगणकाद्वारे नियमित कळविली, त्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, तर इतरांचे २६ महिने आढळले. ते रुग्ण आमाशय-कर्करोगाचे नव्हते, तरी लक्षण वेळीच कळण्याचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते. आपल्या रुग्णासाठी चार नोंदी पुरेत: आठवड्याचे वजन, ताटाचे छायाचित्र, त्रासाची वेळ, मलप्रवृत्ती. रेंज नसेल तेथे वहीत वेळ लिहावी. आयुर्वेद चिकित्सकांसाठीची दूरचिकित्सा मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२० मध्ये आली. त्यांनुसार रुग्णाची संमती घेऊन दिलेल्या सल्ल्याची नोंद आपणही ठेवावी.

मात्र घटत जाणारे वजन, वारंवार उलटी, गिळताना अडथळा, काळा मल, ताप यांपैकी काही दिसल्यास निरोपावर चिकित्सा करीत बसू नये. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाशी संपर्क साधावा.

औषधी विक्रेत्यांस विनंती

संपूर्ण आमाशय काढलेल्यास बी-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारा घटक निर्माण होत नाही. यकृतातील साठा पुरतो तोवर, म्हणजे काही वर्षेही, न्यूनता दिसत नाही. म्हणून शल्यचिकित्सकांनी सांगितलेली बी-१२ची इंजेक्शने आजन्म चालू राहिली पाहिजेत. पांडुता दिसते म्हणून केवळ लोहकल्प देऊन ती न्यूनता भरत नाही. अशा रुग्णाने अवलेह, आसव-अरिष्ट वा शर्करायुक्त पाक मागितल्यास ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे काय?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास प्रथम वैद्याकडे पाठवावे.

आमची चूक तीन दिवसांच्या छायाचित्रांनी दाखवून दिली. नाडी, जिव्हा, मल यांची परीक्षा आपण करतोच. शस्त्रकर्म झालेल्या या रुग्णांच्या बाबतीत घड्याळाचीही परीक्षा करावी, एवढेच आमचे वैद्यबंधूंस सांगणे आहे.