नवपदवीधर आरोग्यकर्मींमधील आत्मशंका व चिंता : स्वरूप, कारणे आणि उपाय
(नाशिक जिल्ह्यातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पदवी प्राप्त होणे आणि प्रत्यक्ष जबाबदारी पेलणे यांमधील अंतर प्रत्येक व्यवसायात असते. परंतु वैद्यकीय सेवेत हे अंतर रुग्णाच्या जीविताशी निगडित असल्याने त्याचा ताण अधिक असतो. अमेरिकेत डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात 'फिजिशियन असिस्टंट' हा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली रुग्ण तपासणारा, परंतु स्वतः डॉक्टर नसलेला असा हा नवा आरोग्यकर्मी होता. आपल्याकडे या भूमिकेच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे २०२३ नंतरच्या नावाने आयुष्मान आरोग्य मंदिरांत, करण्यात आले आणि तेथे हे पद निर्माण झाले. आयुर्वेद किंवा परिचर्या शाखेच्या पदवीधरांसाठी असलेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम महाराष्ट्रात नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत राबविण्यात आला. या नवपदवीधरांच्या मनातील आत्मशंकेचे स्वरूप स्पष्ट करणे आणि तिच्या निराकरणाचे मार्ग सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्यक्षेत्रातील वास्तव

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ व आदिवासीबहुल तालुके होत. अशा भागात साधारणतः तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. तेथे रुजू होणारा अधिकारी बहुधा पंचविशीतील असतो. महाविद्यालयीन रुग्णालयात शंका आली की शेजारच्या खोलीत वरिष्ठ असत. येथे वैद्यकीय अधिकारी घाटापलीकडील प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. रुग्णाची बोली कोकणा असते, अधिकाऱ्याची प्रमाण मराठी. त्यातच ज्या आरोग्य सेविकेने त्याच गावांत वीस वर्षे बाळंतपणे पाहिली, तिच्यासोबत पदाने वरिष्ठ म्हणून काम करावयाचे असते. 'ताईंना माझ्यापेक्षा जास्त कळते' ही भावना पहिल्याच आठवड्यात मनात घर करते आणि पुष्कळदा ती वस्तुस्थितीही असते.

आत्मशंकेचे दोन प्रकार

येथे दोन प्रकारच्या शंका वेगळ्या करणे आवश्यक ठरते. पहिली शंका विशिष्ट असते : 'या गर्भवतीचे डोके दुखते आहे, पायांवर सूज आहे, रक्तदाब धोक्याच्या पातळीवर आहे काय?' या शंकेला उत्तर आहे. रक्तदाब मोजता येतो; तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यास तात्काळ कळवून रुग्णास वर पाठविणे हे कर्तव्य ठरते. ही शंका रुग्णाचे रक्षण करते. दुसरी शंका व्यापक असते : 'मी या कामास लायकच नाही.' तिला उत्तर नसते, म्हणून ती संपतही नाही.

पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या दुसऱ्या अवस्थेचे वर्णन केले. यश मिळवूनही 'आपण इतरांना फसविले आहे, एक दिवस पितळ उघडे पडेल' असे वाटत राहणे, हे तिचे लक्षण. मराठीत तिला 'तोतयाभाव' म्हणता येईल. पेशवाईतील सदाशिवरावभाऊंचा तोतया खोटा असून आपण खरे असल्याचे सांगत होता. येथे खरा पदवीधर स्वतःला खोटा समजतो.

या अवस्थेची किंमत केवळ त्या व्यक्तीला मोजावी लागत नाही. भयग्रस्त अधिकारी एक तर प्रत्येक रुग्णाला पुढे पाठवितो आणि मजुरावर जाणाऱ्या कुटुंबाचा दिवस व प्रवासखर्च वाया जातो. किंवा अज्ञान उघड होईल या भीतीने कोणालाच विचारत नाही. दुसरा पर्याय अधिक घातक होय.

शंका टिकून का राहते?

अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडलेली 'स्व-परिणामकारकते'ची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. एखादे काम आपण करू शकू हा विश्वास त्यांच्या मते चार मार्गांनी घडतो : स्वतः यशस्वीपणे केलेली कृती, आपल्यासारख्या इतरांचे यश पाहणे, विश्वासू व्यक्तीचे प्रोत्साहन आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा लावलेला अर्थ. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत प्रभावी मानला जातो.

उपकेंद्रात नेमका हाच मार्ग खुंटतो. अधिकारी रुग्णाला ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवितो. पुढे त्याचे काय झाले हे पुष्कळदा कळतच नाही. निदान बरोबर होते की चूक, पाठविण्याची घाई झाली की उशीर, याचा निकाल परत येत नाही. शंभर रुग्ण तपासूनही अनुभव साचत नाही, केवळ दिवस सरतात. आत्मशंकेचे मूळ स्वभावातील दुर्बलतेपेक्षा या तुटलेल्या दुव्यात अधिक आहे, असे म्हणता येईल.

उपाययोजना

१. निकालाची नोंदवही : पुढे पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत आपला अंदाज एका ओळीत लिहावा आणि आठवड्याने आशा कार्यकर्तीमार्फत किंवा दूरध्वनीने निकाल जाणून घेऊन त्याच ओळीपुढे नोंदवावा. चूक आढळली तरी तीही विशिष्ट असते. तिच्यापासून शिकता येते.

२. प्रश्नाचे रूपांतर : 'मला जमेल का?' या प्रश्नाऐवजी 'आता कोणते लक्षण पाहावयाचे आणि कोणत्या मर्यादेनंतर कोणाला कळवावयाचे?' असा प्रश्न करावा.

३. विचारण्याची शिस्त : वरिष्ठांना कळविताना रुग्ण कोण, काय होत आहे, तपासणीत काय आढळले आणि आपली अपेक्षा काय, या क्रमाने सांगावे. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी दूरसल्ला सेवेचाही याच पद्धतीने उपयोग करता येतो. साहाय्य मागणे हा या पदाच्या रचनेचाच भाग आहे. तो पराभव नव्हे.

४. अनुभवी सहकाऱ्यांकडून शिक्षण : आरोग्य सेविकेचे कौशल्य मोकळेपणाने मान्य केल्यास स्पर्धेचे रूपांतर सहकार्यात होते. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. या स्त्रिया नियमितपणे एकत्र येऊन आपापल्या गावातील अनुभव सांगत आणि परस्परांकडून शिकत. त्यांचा आत्मविश्वास पदवीतून नव्हे, तर या सातत्यपूर्ण देवाणघेवाणीतून घडला.

५. चिंतेची दखल : पहिल्या महिन्यांत छाती धडधडणे हे अपात्रतेचे लक्षण नसून जबाबदारीच्या जाणिवेचे आहे. मात्र झोप, भूक व काम यांवर कित्येक आठवडे परिणाम होत राहिल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

अध्यापकांची भूमिका

आत्मशंकेचे बीज अनेकदा वर्गातच पेरले जाते. ज्या वर्गात 'मला माहीत नाही' हे उत्तर उपहासास पात्र ठरते, तेथील विद्यार्थी पुढे रुग्णासमोरही अज्ञान लपवितो. अध्यापकाने स्वतःच्या निर्णयातील चुका विद्यार्थ्यांसमोर मांडणे, मौखिक परीक्षेत 'येथे मी वरिष्ठांना विचारेन' या उत्तरास योग्य ठिकाणी गुण देणे आणि पदवीनंतरचे पहिले वर्षभर माजी विद्यार्थ्यांशी महिन्यातून एकदा संवाद ठेवणे, या तीन गोष्टींसाठी स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही. हे केवळ वैद्यकीय शाखेपुरते मर्यादित नाही. नवशिक्षक, नवअभियंता, नववकील यांनाही ते तितकेच लागू पडते.

समारोप

आत्मशंका समूळ नष्ट करणे हे उद्दिष्ट असू नये. शंका नसलेला आरोग्यकर्मी रुग्णास अधिक धोकादायक ठरू शकतो. व्यापक शंकेचे विशिष्ट प्रश्नात रूपांतर करणे, त्या प्रश्नाला उत्तर देणारी व्यक्ती उपलब्ध असणे आणि केलेल्या कृतीचा निकाल परत कळणे, या तीन गोष्टी साधल्या तर चिंतेची जागा सावधपणा घेतो. यांपैकी पहिली गोष्ट नवपदवीधराच्या हाती आहे. उरलेल्या दोन त्याला शिकविणाऱ्यांच्या आणि नेमणाऱ्यांच्या. त्याला केवळ 'धीर धर' असे सांगून ही जबाबदारी संपत नाही.