तूप, बरणी आणि बुडाशी असलेला १

गेल्या मार्चमध्ये आई भारतातून आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने लोणी कढवायला घेतले. शेगडीवरून उतरवलेले तूप तिने पीनट बटरच्या रिकाम्या, धुऊन-पुसून ठेवलेल्या पारदर्शक बरणीत ओतले. बघता बघता बरणी आकसली, कलंडली आणि तूप आईच्या मनगटावर सांडले. तसेच अर्जंट केअरला धावलो. जखम पंधरा दिवसांत भरली. व्हिजिटर्स इन्शुरन्स होता, पण बिल डिडक्टिबलच्या आतच बसल्यामुळे सगळे पैसे आमच्याच खिशातून गेले. फुकटची बरणी चांगलीच महाग पडली!

हात बरा झाल्यावर आईने मला धरले. बरणीच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा होता, आणि आमच्या फ्रोझन जेवणाच्या काळ्या ट्रेखालीही तोच. "तो ट्रे तुम्ही साडेतीनशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवता, त्याला काही होत नाही. मग माझीच बरणी कशी वितळली?" मी पोट भरतो सॉफ्टवेअरवर, पण पदवी पॉलिमर इंजिनिअरिंगची. उत्तर देणे भाग होते.

मंडळी, बरणी वितळली नव्हतीच. हे प्लास्टिक, म्हणजे पेट, वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस लागतात. (१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये ते शोधले गेले ते कापडासाठी. वडिलांच्या पिढीचे टेरिलीनचे शर्ट ते हेच.) बरणी आणि ट्रे यांचे रसायन एकच. फरक आहे तो घडवण्यात.

पेटचे रेणू शेवयांसारखे लांबलचक असतात. वितळलेले पेट साच्यात घालून झटकन थंड केले, की या शेवयांना नीट रचून बसायला वेळच मिळत नाही. गुंता तसाच गोठतो आणि वस्तू काचेसारखी पारदर्शक होते. बाटलीसाठी आधी अशी जाड, परीक्षानळीसारखी नळी करतात. मग ती शंभरेक अंशांपर्यंत तापवून आतून सळईने लांब ताणतात आणि हवेच्या दाबाने फुगवतात. ताणल्यामुळे रेणू विंचरल्यासारखे होतात आणि कागदासारखी पातळ भिंतही सोड्याचा दाब सहन करते. रुंद तोंडाची बरणीही अशीच ताणून, फुगवून होते.

पण ही भिंत म्हणजे ताणून गोठवलेले रबर. ७५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण १६७ फॅरनहाइटच्या आसपास पेट मऊ पडते, रेणू मोकळे होतात आणि पुन्हा आखडू पाहतात. कढलेले तूप तर शंभराच्या वर असते.

ट्रेचे उलट. तो तापलेल्या साच्यात दाबून मुद्दाम गरम ठेवतात. रेणूंना सवड मिळते, ते घड्या घालून स्फटिक बनवतात. स्फटिक प्रकाश विखुरतात म्हणून पारदर्शकपणा जातो, पण ओव्हनची धग सोसते. मधला प्रकार ज्यूसच्या बाटल्यांचा. त्यांत ८५ अंशांचा गरम रस भरतात, म्हणून बाटली फुगवताना तिची भिंत तापलेल्या साच्याला टेकवून स्थिर करतात. पुष्कळदा तिची मान पांढरी दिसते, कारण तेवढ्या भागात मुद्दाम स्फटिक बनवलेले असतात. तरी त्यात तूप ओतायला जाऊ नका.

बुडाचा आकडा १९८८ मध्ये आला तो कचरा वेगळा करण्याच्या सोयीसाठी. वस्तू उष्णता किती सोसेल याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक गोष्ट. पेट बनवताना बहुधा अँटिमनीचे संयुग वापरतात आणि त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. २००८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी पाण्याच्या बाटल्या तापवून पाहिल्या. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या अँटिमनीची मर्यादा अब्जात ६ भाग आहे. ती ओलांडायला ६० अंशांना १७६ दिवस लागले, ८० अंशांना फक्त २.३. थंड पाणी पिणाऱ्याने घाबरायचे कारण नाही. पण पिकनिकला उकळता चहा सोड्याच्या बाटलीतून नेणारे दोघेतिघे आपल्या मंडळात आहेत, त्यांनी तेवढा थर्मास घ्यावा.

आमच्याकडे आता तूप स्टीलच्या डब्यात जाते. आकसलेली बरणी मात्र आईने टाकू दिली नाही. मावशीला दाखवायला ती कपड्यांत गुंडाळून पुण्याला घेऊन गेली.