धाप कशाने लागते?

आषाढातील पावसात पन्हाळगडावरून मसाई पठारमार्गे पावनखिंडीकडे चालत जाणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी जी घोडखिंड लढविली, तीच ही पावनखिंड. परतीच्या वाटेवर त्यांतील काही जण मलकापुरात उतरतात आणि त्यांतले एकदोघे माझ्या दवाखान्यातही येतात. बहुधा पायांच्या फोडांसाठी. एका पावसाळ्यात मात्र पन्नाशीचे एक शिक्षक वेगळीच शंका घेऊन आले. चढणीवर त्यांना इतकी धाप लागली की थांबावे लागले. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर खिशात होता. बोटाला लावला, तर आकडा ९७! "प्राणवायू भरपूर आहे, मग दम का लागावा, डॉक्टर?"

प्रश्न रास्त होता. प्राणवायू संपला की धाप लागते, असे आपण सारेच धरून चालतो.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा-सात लिटर हवा आत घेतो. त्यातील सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू शरीर वापरते आणि सुमारे २०० मिलिलिटर कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकते. खड्या चढणीवर ही देवघेव आठ-दहा पटींनी वाढू शकते. तरीही निरोगी माणसाच्या रोहिण्यांतील रक्तात प्राणवायूचे प्रमाण जवळजवळ ढळत नाही. याचे कारण फुप्फुसांची प्रचंड शिल्लक. त्यांत तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत. विश्रांतीत तांबडी पेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीतून जाण्यास सुमारे पाऊण सेकंद घेते. प्राणवायू भरून घेण्यास तिला पाव सेकंद पुरतो. श्रमात रक्त धावू लागले, तरी बहुतेकांच्या बाबतीत हा वेळ अपुरा पडत नाही. स्नायूही हात आखडत नाहीत. विश्रांतीत शरीर रक्तातील जेमतेम चौथा हिस्सा प्राणवायू काढून घेते. तापलेला, आम्लधर्मी झालेला स्नायू तीन चतुर्थांशाहूनही अधिक काढून घेऊ शकतो, कारण उष्णता आणि आम्ल यांमुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते.

मग धाप कशाने? चुलीत लाकूड कमी पडलेले नसते. धूर बाहेर काढण्याची घाई असते. पहिली चार पावले टाकताच श्वास वाढतो, तो मेंदू आणि हलत्या सांध्यांकडून आलेल्या संदेशांमुळे. रक्तात तोवर काही बदललेलेही नसते. पुढे मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र कर्बवायूवर कडक नजर ठेवते. चाल मध्यम असेपर्यंत कर्बवायू जितका वाढेल तितकाच श्वास वाढतो आणि रक्तातील त्याचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरांच्या आसपास टिकून राहतो. या टप्प्यावर माणूस चालता चालता पूर्ण वाक्य बोलू शकतो. अभंग म्हणायला गेला तर मात्र ओळ तुटते.

चढण आणखी खडी झाली की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचू लागते. रक्तातील बायकार्बोनेट ते निष्प्रभ करते, पण त्या क्रियेतून आणखी कर्बवायू निर्माण होतो. आता श्वास प्राणवायूच्या गरजेलाही मागे टाकून धावतो. मौज अशी की या अवस्थेत तो इतका कर्बवायू बाहेर फेकतो की रक्तातील त्याचे प्रमाण विश्रांतीपेक्षाही खाली येते. शब्द तुटतात, माणूस थांबतो. थांबल्यावरही काही मिनिटे भाता चालूच राहतो, कारण साचलेले आम्ल निपटायचे असते. म्हणून चढून आल्याबरोबर बसकण मारण्यापेक्षा थोडे हळू चालावे.

गुरुजींची धाप पाच मिनिटांत शमली होती, छातीत दुखले नव्हते. हृदयालेखही निर्दोष आला. सवय नसलेल्या पायांची ती धाप होती. नियमित चालणाऱ्याच्या स्नायूंत आम्ल उशिरा साचते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलते. त्याची फुप्फुसे मात्र फारशी बदललेली नसतात.

परंतु त्या ९७ च्या आकड्याने माझ्या मनात दुसरीच एक आठवण जागी केली. शेतावर जाणारी चाळिशीतील एक बाई. नेहमीच्याच टेकाडावर तिला दोनदा बसावे लागत होते. घरी ऑक्सिमीटर लावून पाहिला, ९८ आला. घरच्यांनी 'वयोमान' म्हणून सहा महिने काढले. तिचे हिमोग्लोबिन निघाले ७. ऑक्सिमीटर सांगतो तो टक्का: असलेले हिमोग्लोबिन किती भरले आहे, एवढेच. मुळात ते आहे किती, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. १४ ग्रॅम असेल, तर शंभर मिलिलिटर रक्तात जवळपास १९ मिलिलिटर. ७ ग्रॅम असेल, तर त्याच्या निम्मे. गाड्या भरलेल्या, पण गाड्याच निम्म्या. मग हृदयाला दुप्पट खेपा घालाव्या लागतात आणि आम्ल सपाटीवरच साचू लागते.

हृदयविकाराची धापही कित्येकदा ९८ च्या आकड्याआड लपते. काल सहज चढलेला जिना आज जड जाणे, धापेबरोबर छाती आवळणे, जबडा वा हात भरून येणे, भोवळ येणे, किंवा दहा मिनिटे बसूनही श्वास खाली न बसणे, यांपैकी काहीही झाले तर यंत्र खिशात ठेवून तडक दवाखाना गाठावा.

त्या बाईचा दोष मासिक पाळीतील अतिरक्तस्रावात होता. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या चार महिने चालल्या. पुढच्या वेळी ती आली, तेव्हा टेकाडाचा विषयही तिने काढला नाही. सासूच्या गुडघ्यांबद्दल विचारू लागली.