जुन्या बुलेटमधील क्लच व गिअर बदलातील दोष : निदान आणि दुरुस्ती

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा दुचाकी निर्मितीसाठी देशभर परिचित आहे. बजाज ऑटोचा आकुर्डी येथील कारखाना आणि १९९९ मध्ये सुरू झालेला चाकणचा प्रकल्प यांमुळे या परिसरात यंत्रकौशल्याची परंपरा रुजली. मुंबई-बंगळूरु महामार्गालगतचे पुनावळे हे याच पट्ट्यातील एक गाव होय. शेतशिवाराच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, हिंजवडीकडील वर्दळ वाढली आणि महामार्गाखालील मार्गांवर वाहनांची कोंडी नित्याची झाली. अशा कोंडीत जुनी मोटारसायकल चालविणाऱ्यास सर्वाधिक त्रास होतो तो क्लच व गिअर यांचा. प्रस्तुत लेखात जुन्या चार गिअरच्या बुलेटच्या आधारे या दोषांचे स्वरूप, कारणे व दुरुस्तीचा क्रम यांचा विचार केला आहे.

वाहनाची पार्श्वभूमी :
रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीच्या सहकार्याने १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. मूळ इंग्लंडमधील उत्पादन पुढे बंद पडले. भारतात मात्र बुलेट तयार होत राहिली. जुन्या बुलेटमध्ये गिअरचा पायदांडा उजवीकडे व ब्रेक डावीकडे असतो. पहिला गिअर वर आणि उर्वरित तीन खाली, असा क्रम असतो. आधुनिक दुचाकीची सवय असलेला चालक अडचणीच्या क्षणी उजवा पाय दाबतो, तेव्हा ब्रेक लागण्याऐवजी गिअर बदलतो. म्हणून हे वाहन प्रथमच चालविणाऱ्याने मोकळ्या मैदानावर सराव करणे आवश्यक ठरते.

क्लचचे कार्य :
क्लचमध्ये अस्तर असलेल्या व पोलादी चकत्या एकाआड एक बसविलेल्या असतात. एका प्रकारच्या चकत्या इंजिनबरोबर, तर दुसऱ्या गिअरपेटीच्या दंडाबरोबर फिरतात. स्प्रिंगांच्या दाबामुळे त्या एकमेकींना घट्ट धरतात. हातातील लिव्हर ओढला की क्लच वायर ताणली जाते, गिअरपेटीच्या दंडातून जाणारा पुश रॉड प्रेशर प्लेटला बाहेर ढकलतो आणि चकत्या सुट्या होतात. या साध्या रचनेतून दोनच मूलभूत दोष संभवतात : क्लच न धरणे आणि क्लच न सुटणे.

दोषांची लक्षणे व कारणे :
अ) क्लच घसरणे : घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. लिव्हरला मोकळीक नसणे, अस्तर झिजणे, स्प्रिंगा मऊ पडणे किंवा घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले तेल वापरणे ही याची कारणे होत.
आ) क्लच न सुटणे : लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकू पाहते, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर खडखडाट करीत पडतो. मोकळीक अतिरिक्त असणे, वायरचे तंतू तुटणे, पोलादी चकत्या वाकणे, तेल दाट असणे अथवा क्लच ड्रमच्या खाचांत चकत्यांच्या दातांनी खोलगट व्रण पडणे ही त्याची कारणे होत.

येथेच निदानाची सर्वांत मोठी चूक घडते. गिअर पडत नाही म्हणजे गिअरपेटी बिघडली, असे गृहीत धरून पेटी उघडली जाते; नवे भाग बसविले जातात आणि दोष तसाच राहतो. वस्तुतः अनेकदा दोष क्लचमध्ये असतो.

निदानाची कसोटी :
इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. मागील चाक हाताने फिरवीत चारही गिअर टाकून पाहावेत. या स्थितीत सर्व गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच अडत असतील, तर संशय प्रथम क्लचवर घ्यावा. बंद इंजिनातही गिअर अडत असतील किंवा पायदांडा दोनदा दाबावा लागत असेल, तर पायदांड्याच्या रॅचेट यंत्रणेचे समायोजन तपासावे. चालता चालता गिअर सुटत असेल, तर रॅचेटचे समायोजन, गिअरचे खटके व सिलेक्टर फोर्क यांची झीज पाहणे क्रमप्राप्त ठरते.

दुरुस्तीचा क्रम :
दुरुस्ती नेहमी कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे करावी. प्रथम वायर तपासावी; तंतू तुटले असल्यास ती बदलावी. त्यानंतर वायर सैल करून गिअरपेटीच्या बाजूला पुश रॉडचे समायोजन करावे आणि शेवटी लिव्हरपाशी दोन ते तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. मोकळीक अजिबात न ठेवल्यास पुश रॉडचे टोक सतत घासून तापते व झिजते. तरीही दोष राहिल्यास डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे झाकण काढून लिव्हर ओढावा व प्रेशर प्लेट सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते का, हे पाहावे. ती तिरकी उचलली जात असल्यास स्प्रिंगांची लांबी मोजून तुलना करावी. पोलादी चकत्या सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने वाक तपासावा. ड्रमवरील व्रण उथळ असल्यास कानसीने हलकेच साफ करावेत. खोल असल्यास ड्रम बदलावा. या बुलेटमध्ये इंजिन, गिअरपेटी व प्रायमरी चेन यांचे तेल स्वतंत्र असते. एकाचे तेल दुसऱ्यात वापरू नये.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चकत्या तेलाने चिकटतात. सकाळी क्लच ओढून इंजिन सुरू न करता तीन-चार किक मारल्यास त्या सुट्या होतात. कोंडीत क्लच ओढून उभे राहण्यापेक्षा थांबण्यापूर्वीच न्यूट्रल घ्यावे. टाचेने दाबावयाचा न्यूट्रलचा स्वतंत्र लहान दांडा जुन्या बुलेटमध्ये याचसाठी असतो. दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गिअरमधून तो थेट न्यूट्रलमध्ये आणतो.

समारोप :
न सुटणारा क्लच ही केवळ गैरसोय नसून कोंडीत पुढील वाहनावर वा पादचाऱ्यावर धडक होण्याचे ते कारण ठरू शकते. दुसरीकडे, चुकीच्या निदानामुळे दुरुस्त होण्याजोगी वाहने भंगारात जातात. लक्षणापासून कारणापर्यंत क्रमाने जाण्याची जी पद्धत विज्ञानाच्या वर्गात शिकविली जाते, तीच अनुभवी मिस्त्री गॅरेजमध्ये वापरीत असतो. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांनी या कौशल्याची नोंद घेऊन त्यास अध्यापनात स्थान दिल्यास वर्ग आणि गॅरेज यांतील अंतर निश्चितच कमी होईल.