मुंबई व कराची येथील गव्हाची निर्यात

इ. स. १८५८ मध्यें सुरू झालेला खंडाळा–पुणें लोहमार्ग चिंचवडावरून गेला. चाकणास तो आला नाहीं. १८६३ मध्यें बोरघाट जोडला जाऊन घाटमाथ्यावरील धान्यास मुंबई बंदर अखंड लोहमार्गानें मोकळें झालें. पुढें १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला व १८७३ मध्यें गव्हावरील निर्यातकर उठला. तेव्हांपासून मुंबईहून विलायतेस गहूं मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला. त्यांत मध्यप्रांताचा वांटा मोठा होता. १८७६–७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें माणसें अन्नावांचून मरत असतांही हिंदुस्थानांतून ही निर्यात चालूच राहिली, हें विसरतां कामा नये.

तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीं कराचीनें मुंबईस मागें टाकलें. याचें कारण केवळ लोहमार्ग नव्हे. तो उभय बंदरांस होता. पंजाब कराचीस १८७८ मध्यें जोडला गेला, परंतु खरी वाढ झाली ती १८९२ मध्यें चिनाबचा कालवा सुरू झाल्यानंतर. उलट दख्खन व मध्यप्रांत येथील गहूं बहुतेक काळ्या जमिनीच्या ओलीवर येणारा. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनीं तो खचला.

लोहमार्ग धान्य बंदरास नेतो. तें पिकविण्यास पाणी लागतें. १९४७ मध्यें कराची व चिनाबकांठचीं तीं शेतें पाकिस्तानांत गेलीं, आणि पुढें कांहीं वर्षांतच भारतास अमेरिकेचा गहूं आणावा लागला.